सव्वा मूठ गहू

मेहरूण, जळगाव
१६ मार्च २०२५

प्रेमराज,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, आणि नमस्कार करावा एवढा तू माझ्याहून मोठा नाहीस. म्हणून नुसतं नाव लिहून सुरुवात करतो.

तू फोन उचलत नाहीस. मोबाइलवर दोन ओळी टाकतोस आणि मोकळा होतोस. 'एप्रिलपासून भाडे नऊ हजार. जमत नसल्यास घर मोकळे करावे.' खाली हात जोडल्याचं चित्र. मी कारखान्यात लूमवर उभा होतो तेव्हा हे आलं. चटई विणताना एक पट्टी तुटली तरी सगळा माल वाया जातो, म्हणून लूमवर आम्ही फोन बघत नाही. त्या दिवशी बघितला आणि माल वाया गेला. मुकादमाने ऐकवलं ते मी ऐकून घेतलं. त्याचं बरोबर होतं.

चार हजारांचे एकदम नऊ हजार कुठल्या हिशेबाने, एवढं तरी सांग. घराला नवा रंग नाही. मोरीची फरशी मी माझ्या पैशाने बसवली. पाऊस लागला की मागच्या खोलीत अजून परात ठेवावी लागते. आजूबाजूला कॉलेजच्या पोरांना खोल्या देऊन लोक डोक्यामागे पैसे घेतात, हे मला दिसतं. तेच तुलाही धुळ्यात बसून दिसलं असणार.

तुझे वडील, आपले नाना, असताना भाडं कसं वाढायचं ते तुला माहीत आहे, पण विसरला असशील म्हणून लिहितो. गावाकडे सालदाराचं साल आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, बदलतं, तसं नानांनी या घराचं सालही आखाजीलाच धरलं होतं. घागर भरून झाली, पितरांचा घास टाकून झाला, रस-पोळीचं जेवण झालं, की नाना ओट्यावर बसायचे आणि मला हाक मारायचे. "लोटन, या सालले कितला वाढावस?" मी म्हणायचो, तुम्ही सांगा. ते म्हणायचे, तू सांग. शेवटी तुझी आई, जिजी, आतून ओरडायची, "शंभर वाढावा आन झोपा दोन्ही." तेवढंच. कागद नाही, सही नाही. माझी ऋतिका या घरात जन्मली, ती आता बारावीत जाईल. एवढ्या वर्षांत कधी खटका उडाला नाही.

मी फुकट राहत नव्हतो. महिना लागला की पाच तारखेच्या आत भाडं जिजीच्या हातात द्यायचो. नाना गेल्यावर जिजीला तू धुळ्याला नेलंस, तेव्हापासून तिथे येऊन द्यायचो.

संक्रांतीला तू आलास आणि ओट्यावर उभा राहून शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "चार हजारांत माझ्या बापाचा मोठा लेक होऊन बसला आहेस." त्याचं उत्तर आज लिहितो. नानांना आठवड्यातून दोनदा दवाखान्यात नेत होतो ते भाडं कमी व्हावं म्हणून नेत नव्हतो. तू दुकान सोडून येऊ शकत नव्हतास, मी शेजारी होतो. एवढंच होतं ते. त्याचा तुला राग असेल तर तो माझ्यावर काढ. माझ्या बायकोपोरीच्या डोक्यावरच्या छपरावर कशाला काढतोस?

मी वकिलाला विचारून आलो आहे, हेही लपवत नाही. असोद्याच्या दिपमाला वकील आहेत, आमच्या कारखान्यातल्या एकाचं काम त्यांनी केलं होतं. त्या म्हणाल्या, भाडेकरूचं भाडं वर्षाला शेकडा चार वाढवता येतं. त्याहून जास्त हवं असेल तर घरात काय सुधारणा केली, घरपट्टी किती वाढली, ते दाखवावं लागतं. मनाला आलं म्हणून दुपटीच्या वर नेता येत नाही. त्याप्रमाणे मी आखाजीपासून चार हजार एकशे साठ द्यायला तयार आहे. दोनशे वाढव म्हणालास तर तेही देईन. पण नऊ हजार मी देणार नाही आणि घरही सोडणार नाही.

जिजीला सांग, लोटन विचारत होता.

लोटनभाऊ


मेहरूण
२० एप्रिल २०२५

प्रेमराज,

पत्राला उत्तर म्हणून तू पुनाला पाठवलंस. तुझ्या दुकानातला माणूस, लांबच्या नात्यातला, त्याच्याकडून तू हे करून घेतलंस. मी कामावर होतो. त्याने वरच्या टाकीवरून आम्ही राहतो त्या मागच्या खोल्यांकडे येणाऱ्या पाइपाच्या कॉकला साखळी घालून कुलूप लावलं.

एप्रिल महिना, जळगाव. तुला या गावचा उन्हाळा सांगायला नको. दुपारी चप्पल डांबरात रुतते. अशात तू दोन बायामाणसांचं पाणी तोडलंस.

तुझ्या नूतनवहिनीने काय केलं ते ऐक, म्हणजे पुनाने तुला सांगितलं नसेल ते कळेल. तिने त्याला बसवलं. "बस ना पुना, धुयाथून ऊनमा उना. चहा करस. पन पाणी नही शे बरं, निस्त्या दूधना करस." पुना म्हणाला, "वहिनी, माले काय बोलतीस? सेठनी सांगं कुलूप लाव, मी लावं." नूतन म्हणाली, "मी कोठे काय बोलनू? तूच सांग, दूधना चहा गोड शे का?" बिचारा कप तसाच ठेवून निघाला. गल्लीच्या तोंडाशी रसवंतीवर जाऊन तांब्याभर पाणी प्यायला. रसवंतीवाल्याने मला सांगितलं.

पण रात्री शेजारच्यांकडून कळशा आणताना तिला हसू येत नव्हतं. तिने एकच विचारलं, "नाना असते तर?" मी तिच्या हातातली कळशी घेतली.

दिवा लावायच्या वेळी मी देवापुढे बसतो तेव्हा मनात कोणाचं वाईट आणत नाही. लहानपणी गावच्या मंदिरातल्या बुवांनी लावलेली सवय आहे. त्या दिवशी वात लावली आणि तुझं नाव मनात आलं, आणि जे आलं ते चांगलं नव्हतं. मी वात विझवली, हातपाय धुवायला पाणी नव्हतं, तसाच उठलो. देवापुढून असं उठण्याची वेळ माझ्यावर दुसऱ्या कोणी आणली नव्हती.

दिपमाला वकिलांनी तुझ्या वकिलाला फोन केला. भाडं पटो न पटो, पाणी आणि वीज घरमालकाला तोडता येत नाही, तोडलं तर गुन्हा होतो, एवढं त्यांनी सांगितलं आणि ठेवला. तिसऱ्या दिवशी पुना कुलूप काढायला आला. खाली मान घालून आला. नूतनने पाणी घालून चहा दिला.

कुलूप निघालं. पण ते तू लावलं होतंस, एवढं आता कायम राहील.

लोटनभाऊ


मेहरूण
२ मे २०२५

चि. प्रेमराज यास अनेक आशीर्वाद.

कालची रात्र मला झोप लागली नाही, पण चांगल्या कारणाने. परवा आखाजीला मी भाड्याचं पाकीट घेऊन धुळ्याला आलो तेव्हा मनात भीती होती की तू दारातूनच हाकलशील. तू तर हाताला धरून आत नेलंस. पाटावर बसवलंस. स्वतः रस वाढलास. मी पाकीट पुढे केलं तर तू ते माझ्याच खिशात घातलंस आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "लोटनभाऊ, तुझ्याकडून कसलं भाडं घ्यायचं? तू घरचा माणूस आहेस. नानांनी तुला घरचा मानला, मग मी कोण?"

मी सगळ्यांदेखत रडलो. त्याची लाज वाटत नाही. एसटीत पारोळ्यापर्यंत डोळे पुसत होतो. शेजारच्या बाईने विचारलं, कोणी गेलं का? मी म्हणालो, नाही, कोणी परत आलं.

जिजी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. ती काही बोलली नाही. तब्येत बरी नाही का तिची?

भाडं मी देणारच, फुकट राहणार नाही. पुढच्या वेळी येईन तेव्हा घे. मागच्या पत्रांतलं कडू बोलणं मनात ठेवू नकोस. वयाने मोठा असून मी जास्त बोललो.

नूतनने आंब्याचं लोणचं घातलं आहे, पुनाबरोबर एक बरणी पाठवतो.

तुझा,
लोटनभाऊ


मेहरूण
२२ जून २०२५

प्रेमराज,

तुझ्या वकिलाची नोटीस मिळाली. लोणच्याची बरणी पोचली होती ना? ती चाटून झाल्यावर नोटीस लिहिलीस की आधी?

मी ती तीनदा वाचली. पहिल्यांदा कळली नाही, कारण सरळ माणसाला ती कळू नये अशीच लिहिली आहे. लिहिलं आहे की मी भाडेकरू नाहीच. मी भाडं कधी दिलेलं नाही. तुझ्या वडिलांनी मला 'कुटुंबातील व्यक्तीप्रमाणे, निव्वळ प्रेमापोटी' राहू दिलं. आखाजीच्या दिवशी मी चार लोकांसमोर कबूल केलं की मी घरचा आहे. आणि पुढे, जी ओळ मी बोट ठेवून वाचली ती: 'आमच्या अशिलांच्या घरी कुलाचाराप्रमाणे होणाऱ्या कानबाईच्या उत्सवात सदर इसमाच्या नावे रोटाचे धान्य घेतले जात असे व तो रोट खात असे, जो केवळ कुटुंबातील व्यक्तीसच दिला जातो.' म्हणून आता प्रेम संपलं, तीस दिवसांत घर सोडा.

म्हणजे रस तू त्यासाठी वाढला होतास.

माझं पाकीट माझ्या खिशात तू त्यासाठी घातलंस. मी रडलो तेव्हा तू माझ्या पाठीवर हात ठेवला होतास, तो हातही तुझ्या वकिलाने सांगितला होता का?

दिपमाला वकिलांकडे गेलो. त्यांनी कपाळाला हात लावला. "पाकीट परत आणलं? अहो लोटनभाऊ, तिथेच टाकून पळून यायचं होतं." मी म्हणालो, तो म्हणाला तू घरचा. त्या म्हणाल्या, "भाडेकरूसाठी कायदा आहे. त्याला उठवायचं तर कारण लागतं, भाडं वाढवायचं तर हिशेब लागतो. घरच्या माणसासाठी असलं काही नाही. त्याला जा म्हटलं की जायचं. म्हणून तुम्हाला रस वाढला." मग विचारलं, पावत्या आहेत? नाहीत. बँकेतून कधी दिलं? नाही, हातात दिलं. कोणाच्या हातात? जिजीच्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग एकच साक्षीदार आहे. आणि ती समोरच्याची आई."

पावती मी का घेतली नाही, हे कोर्टात मला विचारतील. काय सांगू? नानांनी एकदा पावतीपुस्तक आणलं होतं. मीच म्हणालो, नाना, आपल्यात पावती फाडायची का? नाना खूश झाले. त्या पुस्तकाच्या पाठकोऱ्या पानांवर ऋतिकाने चित्रं काढली. आपल्यात. हाच शब्द आता तू माझ्या गळ्याला लावला आहेस.

आणि रोट. ते तू काढायला नको होतंस. बाकी सगळं माफ केलं असतं.

मी बोरसे, तुम्ही देवरे. गाव एक, पण कुळ वेगळं. रोट भाऊबंदकीबाहेर जात नाही, हे मला पोरवयापासून ठाऊक आहे. मी कधी मागितला नव्हता. या घरात आलो त्या पहिल्याच श्रावणात जिजी गहू मोजत होती. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ, त्याच पिठाचे रोट व्हायचे. नानांची झाली, तुझी झाली, चुलत्यांची झाली. मी ओट्यावर चपला शिवत बसलो होतो. नाना म्हणाले, लोटनची घे. जिजी म्हणाली, "रोट भायेर देतस नही." तिचं बरोबर होतं, ती सोवळ्याची पक्की. नाना म्हणाले, "घरमा ऱ्हास तो घरना." जिजीने माझ्याकडे बघितलं, कानबाईच्या नारळाकडे बघितलं, देवीची क्षमा मागितली आणि माझ्या नावाने मूठ टाकली. त्यानंतर दर वर्षी टाकली. नाना गेल्यानंतरच्या कानबाईला तुझ्या घरी, धुळ्यातही टाकली.

माझा बाप मी लहान असताना गेला. माझ्या नावाने कोणी काही मोजून ठेवावं, असं त्याआधी झालं नव्हतं. तुला हे मी कधी सांगितलं नसतं. आता सांगतो, कारण तू काय विकायला काढलं आहेस ते तुला कळावं.

वकील म्हणतात, कोर्टात एकच वाक्य बोलायचं: मी घरचा नाही, मी भाडेकरू आहे. रोटाबद्दल विचारलं तर म्हणायचं, शेजारी म्हणून दिला असेल. "जमेल ना?" मी म्हणालो, विचार करून सांगतो. त्या म्हणाल्या, "लोटनभाऊ, यात विचार कसला? घर पाहिजे ना?"

घर पाहिजे. पोरीची बारावी आहे. नऊ हजार भाडं भरून या शहरात आम्ही खाऊ की राहू? पण ते वाक्य मला अजून तोंडातून काढता आलेलं नाही. काल देवापुढे बसून म्हणून बघितलं. अर्ध्यात थांबलो.

इथून पुढे भाडं मनीऑर्डरने येईल. घेतलंस तर घे, परत पाठवलंस तर परत आल्याची नोंद राहील. हेही वकिलांनीच सांगितलं. मी आता सगळं वकिलांना विचारून करतो. शहाणा केलास मला.

लोटन


मेहरूण
२७ जुलै २०२५

प्रेमराज,

मनीऑर्डर परत आली. कानबाईचं बोलावणं मात्र आलं. पुना घेऊन आला होता. "सेठनी सांगेल शे, भाऊ येवालेच पाहिजे, गहू मोजानाबी आधी." तू एवढ्या अगत्याने बोलावलंस म्हणून मी पुनाला चहा पाजला आणि नीट विचारलं. त्याच्या पोटात काही राहत नाही, हे तू विसरलास. मी रोट खाताना त्याने फोटो काढायचे आहेत. जवळून, ताट दिसेल असे.

दिपमाला वकील म्हणाल्या, जाऊ नका. एकट्या रोटाने कोर्ट काही ठरवत नाही, पण ज्याच्याकडे पावती नाही त्याच्याविरुद्ध बारीकसारीक सगळं उभं राहतं. ताप आला म्हणून कळवा.

कानबाईला खोटा ताप सांगू? आणि गेलो तर ताटात आलेला रोट नको म्हणू? दोन्ही मला जमणार नाही. तुला हे ठाऊक आहे, म्हणूनच तू बोलावलंस. माझी श्रद्धा तू माझ्यापेक्षा बरी ओळखतोस, फक्त ती पायाखाली कशी घ्यायची एवढंच त्यातून शिकलास.

मी येणार आहे. शनिवारी सकाळीच येतो. तुझ्यासाठी नाही येत.

लोटन


मेहरूण
७ ऑगस्ट २०२५

प्रेमराज,

परवा फोनवर तू जे बोललास ते सगळं मी ऐकून घेतलं. मी जिजीला फितवलं, म्हाताऱ्या बाईला शिकवून आणलं, कानबाईच्या दिवशी तुझ्या घरात फूट पाडली. तू फोन आपटलास, म्हणून जे सांगायचं राहिलं ते लिहितो. शनिवारी गहू मोजले तेव्हा तू घरात नव्हतास. पाहुण्यांना आणायला स्टँडवर गेला होतास. जे झालं ते असं झालं.

तुझी कमलकाकू टोपली धरून बसली होती. जिजी पाटावर. समोर गव्हाचं पोतं. पुना दारात मोबाइल घेऊन तयार. मी भिंतीला टेकून बसलो होतो आणि मनात कानबाईला म्हणत होतो, आई, काय करायचं ते तू कर, मला ताट ढकलता येणार नाही.

जिजीने एकेकाचं नाव घेऊन मूठ टाकली. तुझी टाकली. चुलत्यांची, त्यांच्या पोरांची. मग पोत्यात हात घातला, मूठ भरली, आणि मूठ हवेतच राहिली. मला वाटलं, आठवत नसेल पुढचं नाव. कमलकाकूलाही तसंच वाटलं. ती म्हणाली, "जिजी, लोटननी ऱ्हायनी."

जिजी म्हणाली, "लोटननी नही. तो भाडोत्री शे."

कमलकाकू म्हणाली, "पन मांगला साल तं..."

"मांगला साल गया. त्यानी दर महिनाले मना हातमा भाडं देयेल शे. बठ्ठं, पै न पै. मी मोजी लियेल शे. भाडोत्रीनी मूठ लेतस का कोठे?" मग तिने दाराकडे, पुनाच्या हातातल्या मोबाइलकडे बघितलं. "आन कोर्टमा इचारतीन तं तठेबी हाईच सांगसू. काढ फोटो काढना व्हई तं."

आणि तिने ती मूठ पोत्यात परत सोडली.

हे मी शिकवलं म्हणतोस. मी तिच्याशी त्याआधी एक शब्द बोललो नव्हतो. आखाजीला तू रस वाढत होतास तेव्हा ती दारात उभी होती. ती आजारी आहे का असं मी तुला पत्रात विचारलं होतं. ती आजारी नव्हती. ती तुला बघत होती. मी माझ्या आनंदात आंधळा झालो होतो, तिने तुझा डाव तेव्हाच ओळखला होता. तुला नऊ महिने पोटात वागवलं तिने. तिला शिकवायला मी कशाला लागतो?

सोमवारी विसर्जन करून आल्यावर पंगती बसल्या त्या तू पाहिल्यास. भाऊबंद आत, दूध-रोटाला. मी बाहेर ओसरीत, जावई आणि शेजाऱ्यांच्या पंगतीत, पुरणपोळीला. पुनाने सवयीने तिथे माझा फोटो काढला. तो तुझ्या वकिलाला जरूर दाखव. ताट स्पष्ट दिसतं.

निघताना जिजीच्या पाया पडायला वाकलो, तर तिने पाय मागे घेतले. कमलकाकू बसली होती, आणखी चौघी होत्या. त्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "भाडोत्री मालकीनना पाया पडस का कधी? ऊठ. भाडं टाइमवर देत जाय." बाया हसल्या. ती माझ्याकडे बघत नव्हती. पदराला हात पुसत होती, आणि हात कोरडेच होते.

दिपमाला वकिलांना सांगितलं तेव्हा त्या खुर्चीतून उठल्या. म्हणाल्या, पाच-सहा जणांसमोर बोलल्या, कोर्टातही बोलेन म्हणाल्या, आता पावती नसली तरी चालेल. घर कुठे जात नाही तुमचं. त्यांनी पेढा मागवला. मी खाल्ला.

घरी आलो. नूतन दर वर्षी मी आणलेला रोटाचा तुकडा ऋतिकाला देते. तसा तो लेकीला देतात की नाही, याबद्दलही जिजीचं आणि नानांचं एकदा भांडण झालं होतं. या वेळी नूतनने पिशवी उघडली, पुरणपोळ्या बघितल्या, आणि पिशवी परत बांधली. मी तिला सांगितलं, घर राहिलं. तिने मान हलवली आणि दिवा लावायला गेली. आम्ही दोघं देवापुढे बसलो. मी ते वाक्य म्हणून बघितलं, मी घरचा नाही, भाडेकरू आहे. या वेळी पूर्ण म्हणता आलं. म्हणायची आता गरजच नव्हती.

तुझ्यावर माझा राग आहे तो नऊ हजारांचा नाही, पाण्याचा नाही, नोटिशीचाही नाही. नाना गेल्यानंतरच्या कानबाईला गहू मोजताना जिजीने सवयीने पहिलं नाव नानांचं घेतलं होतं. मग तिच्या लक्षात आलं आणि भरलेली मूठ तिने पोत्यात सोडली. तू तिथे होतास, तूही डोळे पुसलेस. आपल्यात मूठ माणूस गेल्यावरच थांबते. माझी मी जिवंत असताना थांबली, आणि ती थांबवताना त्या बाईला काय झालं असेल, ते तिला मलाही सांगता आलं नाही. तिच्यावर ही वेळ तू आणलीस. मला घर देण्यासाठी तिला मला घरातून काढावं लागलं.

याचा दावा कुठल्या कोर्टात लावायचा ते दिपमाला वकिलांना माहीत नाही. मी विचारलं होतं.

या महिन्याची मनीऑर्डर पाठवली आहे, चार हजार एकशे साठ. या वेळी घे. पुढच्या आखाजीला शेकडा चारने वाढवून देईन, तू मागण्याआधी. पावती रीतसर पाठव आणि तिच्यावर नाव पूर्ण लिही. नुसतं लोटन लिहू नकोस.

लोटन जीवराम बोरसे
भाडेकरू